युरेकाच्या पंपावर

ग्रेट बेसिन नॅशनल पार्कात लेहमन गुहा पाहिल्या, व्हीलर शिखराखालचे हजारो वर्षं जगलेले ब्रिसलकोन पाइन पाहिले. तरी नेवाडाचं नाव निघालं की ताई, दाजी आणि मी बोलत बसतो ते युरेका गावातल्या एका दुपारबद्दलच.

पार्कातून परत येताना हायवे ५० लागतो. ‘लाइफ’ मासिकाने १९८६ मध्ये त्याला अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटलं होतं. एक डोंगररांग चढायची, खिंड ओलांडायची, पलीकडचं सपाट खोरं कापायचं, की समोर पुढची रांग उभी. ईली ते युरेका हे सव्वाशे किलोमीटर असेच जातात. मला असा उघडाबोडका मुलूख मनापासून आवडतो. दाजींचं मात्र सगळं लक्ष इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर.

त्यांचं मोटरहोम नव्वदच्या दशकातलं. सकाळी थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू व्हायचं. घाट चढून तापल्यावर बंद केलं की कधी लगेच सुरू व्हायचं, कधी किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टक’. अर्ध्या तासाने आपोआप ठीक. एका गॅरेजने आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टर बदलला. खर्च झाला, दुखणं गेलं नाही. त्यामुळे जाताना वाटेतल्या बघण्यासारख्या जागांवरही दाजी इंजिन बंद करायला तयार नव्हते.

पेट्रोल भरताना मात्र बंद करावंच लागतं. पिंटो समिटची चढण संपवून युरेकात उतरलो, टाकी भरली, किल्ली फिरवली. टक.

मागच्या पिकअपमधून एक वयस्क गृहस्थ उतरले. खाणीच्या ट्रकांवर काम करून निवृत्त झालेले मेकॅनिक. पेट्रोलच्या वाफांजवळ ठिणगी नको म्हणून आधी त्यांनी आमची गाडी ओढून पंपापासून लांब नेली, चाकांना लाकडी ठोकळे लावले. दाजी बॉनेट उघडून बॅटरीचे टर्मिनल हलवायला लागले, तेव्हा त्यांनी हात धरला. “कशालाही हात लावू नका. बिघाड आत्ता हजर आहे. हलवलंत तर पळून जाईल, आणि उद्या दुसऱ्या गावात भेटेल.”

मग तपासणी सुरू झाली. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत. गिअर पार्कमधून न्यूट्रलला घेतला, तरी तोच आवाज. टक होतंय म्हणजे किल्लीचा हुकूम स्टार्टरच्या सोलेनॉइडपर्यंत पोहोचतोय. मोटरहोममध्ये दिवे-पंख्यांसाठी वेगळी बॅटरी असते, आणि डॅशबोर्डवरच्या बटणाने ती अडचणीत इंजिनाच्या बॅटरीला जोडता येते. ताईने ते बटण दाबून धरलं. फरक शून्य.

आता मल्टीमीटर. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, ताईने किल्ली फिरवली तेव्हा १२.३. स्टार्टर खरोखर करंट ओढत असता तर आकडा दहा-अकरापर्यंत खाली गेला असता. म्हणजे करंट वाटेत कुठेतरी अडत होता. मग त्यांनी एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवलं, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. किल्ली फिरवताना इथे ०.३ व्होल्टच्या आत आकडा हवा. नऊच्या वर गेला.

“अर्थिंग,” ते म्हणाले. जंपर केबलने बॅटरीचं निगेटिव्ह थेट इंजिनाला जोडलं आणि मोटरहोम पहिल्या झटक्यात गरजलं.

मग दिवे कसे लागत होते? वहीवर त्यांनी गणित मांडलं. सांध्यात ०.०५ ओहमचा अडथळा असला, तर पाच अँपिअरच्या दिव्याचा पाव व्होल्ट जातो. डोळ्याला कळतही नाही. स्टार्टरला दोनशे अँपिअर लागले, तर त्याच सांध्यात दहा व्होल्ट जातात. ओहमचा नियम शाळेत पाठ केला होता. तो इतका उपयोगी, इतका देखणा वाटला तो या रस्त्याच्या कडेला.

एवढा करंट मुळात का लागतो, हे मी नंतर शोधून वाचलं. अभियंता चार्ल्स केटरिंगने कॅश रजिस्टरसाठी छोटी इलेक्ट्रिक मोटर वापरली होती. छोट्या मोटरवर काही क्षण तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकता येतो, हे त्याला माहीत होतं. तीच युक्ती इंजिन सुरू करण्यासाठी १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आली आणि हँडल मारणं मागे पडत गेलं. स्टार्टर आजही काही सेकंदच राबतो, पण त्या सेकंदांत प्रचंड करंट ओढतो, म्हणून त्याला प्रत्येक सांधा चोख लागतो.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाला जाणारी जाड केबल त्यांनी खोलली. प्लास्टिकखालचं तांबं हिरवं पडलेलं, टोकाखाली गंज. इंजिन तापलं की तोच सांधा सैल पडत असणार. वायरब्रशने लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, आपल्या पेटीतली केबल दातेरी वॉशर घालून आवळली, वर ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं: ०.१. पैसे घेईनात, ताईने दिलेला चिवड्याचा डबा मात्र आनंदाने घेतला.

युरेकात १८८० चं ऑपेरा हाउस आहे. ते निवांत पाहिलं. ऑस्टिनजवळ ग्रॅनाइटचा तिमजली स्टोक्स कॅसल पाहिला. फॅलनच्या अलीकडे सँड माउंटनवर चढलो. कोरडी वाळू घसरते तेव्हा हा डोंगर घुमतो म्हणतात, आणि तो खरंच घुमला. तिन्ही ठिकाणी दाजींनी इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.