स्वयंभू गंधार

तंबोऱ्याला चार तारा. भूप राग गायचा असेल तर आधी पंचम, मग जोडीचे दोन षड्ज आणि शेवटी खर्ज. गंधाराची तार त्यात नाही. तरीही तंबोरा मनासारखा जुळला, घोडीवर तारेखालचा धागा नेमक्या जागी सरकला आणि जवारी खुलली, की खर्जाच्या पोटातून गंधार वर येतो. तो कुणी छेडलेला नसतो. खर्जाची तार ज्या वेगाने थरथरते, त्याच्या पाचपट वेगाने तिचाच एक अंश थरथरत असतो आणि तो अंश म्हणजे हा गंधार. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

मला तो आजवर मैफलीतच भेटत आला, तेही पुढे बसायला मिळालं तर. घरच्या ऐकण्यात तो क्वचितच हाती लागे. यंदा मे महिना सरता सरता आंबोलीच्या घरी नवे हेडफोन आले. रात्री किशोरीताई आमोणकरांचा भूप लावला. दोन आलापांच्या मधे ताईंनी श्वास घेतला, त्या इवल्याशा मोकळ्या जागेत तंबोरे एकटेच उरले आणि तिथे गंधार उभा होता. स्वच्छ, सोनसळी, कुणाच्याही गळ्याचा नसलेला. मग ताईंनी तोच स्वर गळ्यातून लावला. तंबोऱ्याचा गंधार कुठे संपला आणि त्यांचा कुठे सुरू झाला, मला सांगता येईना. माझे हात आपोआप जोडले गेले.

त्या स्वरामागे किती माती आहे! मिरजेचे कारागीर ज्या भोपळ्यातून तंबोरा घडवतात, तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत पिकतो. वेलावर पुरता जून व्हायचा, मग महिनोन्‌महिने वाळायचा, गर आणि बिया निघून आत पोकळी तेवढी राहायची. भीमेकाठच्या उन्हाने कोरलेली ती पोकळी खर्जाला आपल्या पोटात घुमवते. आणि ताईंचा गळा? त्यांना गाणं मिळालं ते आईकडून, मोगूबाई कुर्डीकरांकडून. मोगूबाईंचं कुर्डी हे गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते थोडे दिवस वर येतं. घरांची जोती, विहिरींचे कठडे, देवळाची जागा उघडी पडते, जुने गावकरी जमतात, आणि पाऊस लागला की गाव पुन्हा बुडतं. मी भूप ऐकत होते ते दिवस नेमके कुर्डी वर येण्याचे. घाट उतरून गेलं तर काही तासांची वाट. मला राहून राहून त्या ओल्या जोत्यांची आठवण येत होती.

हेडफोन दिसायला साधे आहेत. काळी जाळी, मखमली गाद्या, डोक्यावरून जाणारी पट्टी. खिडकीच्या उजेडात धरले तर जाळीतून आतलं दिसतं. पातळ पापुद्र्यासारखा प्लास्टिकचा गोल पडदा, त्याच्या पाठीला चिकटलेलं बारीक तारेचं वेटोळं, भोवती चुंबक. विजेची लहर वेटोळ्यात शिरली की ते चुंबकाच्या क्षेत्रात मागेपुढे होतं. ते पडद्याला हलवतं आणि पडदा हवेला. एवढ्याशा हालचालीतून मोगूबाईंच्या लेकीचा श्वास माझ्या कानाशी येतो, हे मला अजूनही सहजी स्वीकारता येत नाही. रोध 300 ओहम, त्यामुळे मोबाइलला थेट जोडून भागत नाही. शेजारी एक छोटा ॲम्प्लिफायर लागतो.

या जातीच्या हेडफोनची पाठ उघडी असते. पडद्याच्या मागचा आवाज जाळीतून बाहेर निघून जातो, वाटीच्या भिंतीवर आपटून परत फिरत नाही. अशा उघड्या पाठीचा पहिला हेडफोन सेनहायझर कंपनीने 1968 मध्ये आणला, त्याचं नाव एचडी 414. तोवर हेडफोन म्हणजे कान झाकून टाकणाऱ्या बंद वाट्या. कान उघडे ठेवून ऐकायचं, हा विचारच मला फार मोठा वाटतो.

पण पहिल्या भेटीत सगळंच गंधारासारखं नव्हतं. पट्टी कानशिलांवर आवळत होती. तासाभरात जबड्याच्या सांध्याशी ठणका लागे. आणि आधीच्या बंद हेडफोनमधे तबला लागला की डग्गा छातीत घुमायचा, ते घुमणं इथे नव्हतंच. आवाज सडपातळ वाटला, थोडा कोरडाही. दुसऱ्या संध्याकाळी मी फक्त डग्गा ऐकायचा ठरवलं. तेव्हा कळलं की घुमणं गेलं त्या जागी डग्गा स्वतः आला आहे. बोटांचा आघात, मग मनगटाचा खालचा भाग चामड्यावर पुढे सरकतो त्याची बारीकशी घसट, आणि त्या दाबाने वर चढत जाणारा नाद. तिन्ही वेगवेगळे, एकामागून एक. चामड्याचा कोरडेपणासुद्धा ऐकू येत होता. इतकी वर्षं मी ज्याला डग्गा समजत होते त्यात बराच वाटा वाटीच्या भिंतींचा होता.

गाण्याची जागा मात्र अजून विचित्र होती. गायक समोर बसलेला वाटण्याऐवजी डोक्याच्या आत, दोन्ही कानांच्या मधोमध कुठेतरी बसलेला वाटे. त्याचं कारण साधं आहे. समोर बसलेल्या गायकाचा स्वर दोन्ही कानांना मिळतो, डोकं जरा वळलं तर एकाला कणभर आधी, दुसऱ्याला कणभर नंतर. भिंतीवरून परतून येतो, खांद्यावरून येतो, कानाच्या पाळीवरच्या वळ्यांत शिरताना घडवला जातो. हेडफोनमधे हा सगळा प्रवास गळून पडतो.

हौशी मंडळींत एक समज आहे की नवा हेडफोन काही तास वाजवत ठेवला की तो ‘मोकळा होतो’. गाद्या दबून मऊ होतात, पडदा कानाच्या थोडा जवळ येतो आणि त्याने आवाजात फरक पडतो हे खरं. पट्टीही सैलावते. पण जून उजाडेपर्यंत जो पालट झाला तो माझ्या मते यंत्रातला नव्हता. सडपातळ वाटणारा आवाज भरदार झाला, गायक डोक्यातून निघून हळूहळू कपाळापुढे आला, तंबोरे त्याच्या पाठीमागे जाऊन बसले. हे सगळं माझ्याच आत कुठेतरी घडत होतं.

कान किती शिकतो याचा एक प्रयोग नेदरलँड्समधल्या पॉल हॉफमन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केला होता. माणसांच्या कानांच्या खोलगट भागात त्यांनी साचे बसवले. वळ्यांचा आकार बदलला, आणि आवाज वरून येतो की खालून हे त्या माणसांना ओळखता येईनासं झालं. साचे घालूनच ती रोजचं आयुष्य जगत राहिली. काही आठवड्यांत नव्या कानांनी त्यांना दिशा पुन्हा कळू लागली. आणि याहून सुंदर म्हणजे, साचे काढले तेव्हा जुने कान विसरले गेलेले नव्हते. नवं शिकताना मेंदूने जुनं पुसलं नाही, दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं, माणसाच्या दोन भाषांसारखं. ही क्षमता आपण मागितलेली नाही, कमावलेलीही नाही. ती मिळालेली आहे. तिच्यापुढे मान लवते.

मग पाऊस लागला. आंबोलीचा पाऊस कुणाला सांगायला नको. कौलांवर तो दिवसरात्र कोसळत राहतो आणि धुकं घरात शिरून कपड्यांना वास आणतं. बंद हेडफोन असते तर त्यांनी हा सगळा ऋतू बाहेर ठेवला असता. या जाळीतून तो बिनधास्त आत येतो. रात्री विलंबित ख्याल चालू असताना परसातल्या कारवीतून झाडबेडकांची टिकटिक सुरू होते आणि ती ख्यालाच्या वर, थोडी उजवीकडे, आपली जागा धरते. पलीकडे सड्यावर, जांभ्या दगडाच्या उथळ डबक्यांत, आंबोली टोडचे नर बोलतात. हा चिमुकला प्राणी विज्ञानाला वेगळी जात म्हणून माहीत झाला तो 2009 मध्ये. या गावाचा सडा त्याचं घर, आणि त्याच्या विणीचा हंगाम पहिल्या पावसाचे थोडे दिवस.

एका रात्री ख्याल संपला तरी मी हेडफोन काढले नाहीत. काहीच वाजत नव्हतं, आणि ऐकणं चालूच राहिलं. हेडफोनने शिकवलेला कान आता बेडकांना वेगळं वेगळं करू लागला होता. एक जात उंच आणि तुटक, दुसरी खाली आणि घोगरी, तिसरी या दोघांच्या मधल्या फटीत. कुणी कुणावर पडत नव्हतं. बर्नी क्राऊस हा अमेरिकन संगीतकार 1968 मध्ये कॅलिफोर्नियातल्या म्यूर वुड्सच्या रानात रेकॉर्डर घेऊन गेला, कानांवर हेडफोन चढवले आणि तिथून त्याचं आयुष्यच रानाकडे वळलं. पुढे जगभरची रानं ऐकून त्याने मांडलं की निरोगी अरण्यात प्रत्येक जीव आवाजाच्या पट्ट्यात आपली वेगळी जागा राखतो, वाद्यवृंदात वाद्यं राखतात तशी. सड्याच्या काठी बसलं की ते कुणी समजावून द्यावं लागत नाही.

त्याहून जुना धागा आपल्या रानापर्यंत येतो. 1889 साली जर्मनीत लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला वडिलांनी एडिसनचा फोनोग्राफ आणून दिला. मुलाने मेणाच्या नळकांड्यावर आपल्या पाळीव पक्ष्याचं गाणं टिपलं. पक्ष्याच्या गाण्याचं हे ज्ञात असलेलं सगळ्यात जुनं ध्वनिमुद्रण, आणि तो पक्षी होता भारतातला शामा. तोच शामा आज तिलारीच्या बांबूबनात, गोव्याच्या रानांत गातो. कॉख पुढे नाझींच्या राजवटीतून सुटून इंग्लंडला गेला आणि रेडिओवरून लाखो लोकांना पक्षी ऐकवत राहिला. तो पिंजऱ्यातला शामा आपल्याकडच्या कुठल्या ओढ्याकाठून धरला होता, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्याच्या जातीचे गळे मात्र अजून इथेच आहेत, आणि पहाटे तिलारीच्या वाटेला गेलं तर भेटतात.

ऐकणाऱ्या इंद्रियाबद्दल वाचत गेले तशी आणखी एका गोष्टीपाशी थांबले. माणसाच्या आतल्या कानात अडीच वेढ्यांचा शंख असतो. त्यात स्वराचं विजेत रूपांतर करणाऱ्या आतल्या रांगेच्या केसपेशी साधारण 3,500. एका कानाला एवढ्याच. जन्माला येताना मिळतात, आणि मोठ्या आवाजाने किंवा वयाने मेल्या तर पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांना मात्र उगवतात. 1980 च्या दशकाच्या अखेरीस संशोधकांना हे कोंबडीच्या पिल्लांत आणि लावा पक्ष्यांत दिसलं. आवाजाने मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या आल्या होत्या. शामाला, कस्तूराला, साध्या कोंबडीलाही निसर्गाने कान पुन्हा देण्याची सोय ठेवली. माणसाला जे दिलं ते एकदाच.

तेव्हापासून ॲम्प्लिफायरची खुंटी मी फार फिरवत नाही. आवाज इतकाच ठेवते की पहाटे ओहोळाच्या बाजूने शीळकरी कस्तूर सुरू झाला तर तो गाण्याच्या वर ऐकू यावा. त्याची शीळ माणसासारखी, चालीत बांधल्यासारखी वाटते आणि मधेच चाल सोडून भलत्याच वाटेला लागते. तो सुरू झाला की हेडफोन काढून टेबलावर ठेवते आणि दार उघडते. ऑगस्ट संपेपर्यंत पहाट त्याची.