आत्याची ओळ

नाताळ जवळ आला की आमच्या घरात करंज्यांच्या आधी 'हालेलुया'ची तयारी सुरू व्हायची. आम्हा चुलत-आते भावंडांची अख्खी पिढी त्या तालमींत वाढली. हँडलने 'मसीहा' 1741 साली 24 दिवसांत लिहून काढला; त्यातलं हे एक कोरस मंडळींच्या गळ्यात उतरवायला आबांना दिवाळीपासूनचे दिवस पुरत नसत.

गळे वाईट नव्हते. ना. वा. टिळकांची भजनं सगळे डोळे मिटून गायचे. पण तिथे सूर एक, आणि हरकत ज्याची त्याची. इथे चार सूर चार वाटांनी जाणार, शेजारचा कानावर पडत असताना आपली वाट सोडायची नाही. त्यात टेनर म्हणायला दोघेच, आणि त्यांतल्या एका काकांना नेमकी नाताळातच सर्दी.

जेवणं उरकली की आबा पायपेटीपाशी बसत आणि कार्बन लावून दो-रे-मी देवनागरीत उतरवत. एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेन यांनी इंग्लंडमध्ये टॉनिक सोल्फा रुजवली ती अशाच साध्या मंडळींसाठी. 'दो' खाली घेतला की सगळं गाणं खाली येतं, कागद तोच राहतो. मूळचा डी मेजर आबांनी सी वर आणला. कारण ख्रिस्ताला राजांचा राजा म्हटलंय त्या जागी बायकांचे सूर पायरीपायरीने चढतात, आणि वरच्या पायरीवर मामींचा आवाज फाटायचा.

सूर गाळायचे तेही हिशेबाने. "'सो' गेला तर चालेल, 'मी' गेला तर घरातला कर्ताच गेला," आबा म्हणत. मेजर की मायनर हे तोच ठरवतो. सर्वकाळच्या राज्याची धून आधी बास उचलतो, मग टेनर, आल्टो, सोप्रानो. टेनरची जागा ओस पडू नये म्हणून आबांनी ती ओळ खर्जातल्या आत्याला दिली. "द्या इकडे, पुरुषांचंही मीच गाते," म्हणत ती पदर खोचून उभी राहायची.

आता तीन सुरांच्या सोप्या प्रती छापील मिळतात. चांगल्या असतात, फक्त कुठल्या मामीला कुठे सांभाळायचं हे त्यांना माहीत नसतं.

पुढे मुंबईत आम्ही भावंडं अख्खा 'मसीहा' ऐकायला गेलो, तर तिथे सुटाबुटातले टेनर आत्याची ओळ गात होते. बरे गायले. आत्याइतके ठाम नाहीत, यावर मात्र आमचं सगळ्यांचं एकमत झालं.