रणगाडा विकून काढलेली शाळा

नातीसाठी बालवर्ग बघताना एका पाटीवर ‘रेज्जिओ पद्धत’ असं वाचलं. फीचा आकडा ऐकून सूनबाई गप्प झाल्या. मी घरी येऊन त्या नावाचं मूळ शोधलं.

रेज्जिओ एमिलिया हे उत्तर इटलीतलं शहर. 1945 च्या वसंतात युद्ध संपलं, तेव्हा जवळच्या व्हिला चेल्ला गावात पळून गेलेल्या जर्मन सैन्याचा एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे उरले होते. ते विकून गावाने मुलांसाठी शाळा बांधायचं ठरवलं. (मी बी.कॉम., त्यामुळे जमेच्या बाजूला ‘रणगाडा’ कसा लिहिला असेल, हाच पहिला विचार. घोड्यांचं पुढे काय झालं, हा दुसरा.) जमीन एका शेतकऱ्याने दिली, वाळू नदीतून आणली. पडक्या घरांच्या विटा बायकांनी घासून धुतल्या. काम रात्री आणि रविवारी. लोरिस मालागुत्सी नावाचे तरुण शिक्षक सायकलवरून बघायला आले आणि तिथलेच झाले.

आसपास अशा आणखी शाळा निघाल्या. चालवणारे पालकच, त्यामुळे पैशांची ओढाताण रोजची. काही बंदही पडल्या. 1963 मध्ये नगरपालिकेने आपली पहिली बालशाळा काढली, 1967 मध्ये पालकांच्या शाळाही तिच्याकडे गेल्या. कारभारात पालक मात्र राहिले.

आपल्याकडे पाटी आली, पालक गेटबाहेर. सूनबाईंना म्हटलं, पुन्हा जाऊ आणि इथे पालकांची समिती आहे का, तिला हिशेब दाखवता का, एवढंच विचारू. सोमवारी अकराची वेळ मिळालीय.