पाणपक्ष्यांनी लावलेला छंद

मनुष्याला कोणता छंद केव्हा जडेल, याचा काही नेम नाही. कोणी मिसरूड फुटण्यापूर्वीच पेटीवर बोटे फिरवू लागतो, तर कोणाला केस पिकल्यावर फुलझाडांचे वेड लागते. मला छायाचित्रणाचा छंद जडला तो वयाच्या ६० व्या वर्षी, नोकरीतून मोकळा झाल्यावर; आणि तो लावला आमच्या मांद्रे गावच्या पाणपक्ष्यांनी.

पेडणे तालुक्यातील हे गाव हरमल आणि मोरजी यांच्या मधोमध समुद्रकाठी वसले आहे. परगावचे पाहुणे येतात ते येथील वाळूसाठी. परंतु वाळूच्या पाठीमागे खाडी आहे, चिखल आहे, भातशेती आहे. आणि पक्ष्यांचा खरा संसार तेथेच चालतो. आखातातून सुटीवर आलेल्या माझ्या भाच्याने आपला जुना कॅमेरा व ३०० मिलिमीटरची लेन्स मला देऊन टाकली. एका सकाळी खाडीकाठी एक वंचक बसला होता. आपल्याकडचा हा अगदी साधा बगळा. मातकट रंगाचा, चिखलात बसला म्हणजे चिखलच वाटावा असा. मी कळ दाबली त्याच क्षणी तो उडाला, आणि चित्रात पाहतो तो काय, शुभ्र पंखांचा जणू दुसराच पक्षी! बसलेला असताना त्याची पांढरी पिसे मातकट पिसांखाली झाकलेली असतात. साठ वर्षे ज्याला रोज पाहिले, त्याला आपण पाहिलेच नव्हते, असे वाटले. त्या दिवसापासून माझी पहाट खाडीवर उगवू लागली.

ही विद्या मोठ्या सोशिकपणाची आहे. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवरील आपले पुस्तक प्रत्यक्ष छायाचित्रांनी सजवून काढले. पुढे पक्ष्यांनी बुजू नये म्हणून त्यांनी एक पोकळ बैल तयार केला व त्याच्या पोटात दडून चित्रे घेतली. आम्हांला इतके कष्ट नकोत. सूर्य पाठीशी ठेवावा, बांधाआड बसावे, हालचाल करू नये. उडत्या पक्ष्यासाठी एका सेकंदाचा हजारावा भाग एवढाच काळ पडदा उघडावा. बाकीचे काम पक्षी करतो.

हळूहळू ओळखी वाढल्या. पाण्यातून निघालेला पाणकावळा पंख पसरून उभा राहतो, कारण त्याची पिसे भिजतात व ती वाळवावी लागतात. कमळाच्या पानांवरून चालणाऱ्या कमळपक्ष्यांत अंडी उबवणे व पिले सांभाळणे हे काम नराकडे असते. मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशी हिवाळ्यात कुरवांचे थवे उतरतात. त्यांतील तपकिरी डोक्याचा कुरव लडाख व तिबेटच्या उंच सरोवरांकडून येतो. नावे शोधताना डॉ. सलीम अली यांच्या १९४१ च्या पुस्तकाचा व मारुती चितमपल्ली यांच्या मराठी लेखनाचा मोठा आधार झाला. २०२५ साली चितमपल्ली निवर्तले, तेव्हा एखादे वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले.

परंतु माझी खरी गुरू घरातच आहे. माझी आई आता अंथरुणावरच असते. शापोऱ्याकाठच्या आमच्या खाजन शेतात तिने सारे आयुष्य राबून काढले. संध्याकाळी मी तिला चित्रे दाखवतो. पुस्तकातली नावे तिला ठाऊक नाहीत, पण मानशीपाशी बसलेल्या बगळ्यांचे चित्र पाहून ती म्हणाली, “हे ओहोटीचे चित्र आहे. मानस उघडली की मासा पाण्याबरोबर बाहेर निघतो. बगळा तेव्हाच येतो.” खरेच, भरतीला मानशीच्या फळ्या मिटतात व खारे पाणी शेताबाहेर राहते, ओहोटीला त्या उघडतात व आतले पाणी निघून जाते. बगळ्याला हे गणित पाठ आहे, आणि आईलाही.

गेली काही वर्षे त्या शेतात नांगर फिरलेला नाही. माणसे मिळत नाहीत, आणि बांधाला एके ठिकाणी भगदाड पडले आहे. मुंबईचे भाऊ म्हणतात, “दादा, आता सोडून द्या ते शेत.” बांध फुटला की खारे पाणी आत शिरते, पुढे कांदळवन उगवते आणि भात कायमचे जाते. पाणपक्षी कांदळवनातही राहतील, हे मी नाकारीत नाही. परंतु शेजारच्या नांगरटीत नांगराच्या मागोमाग किडे टिपत चालणारे गायबगळे मी टिपले आहेत, आणि आमच्या पडीक तुकड्याचेही चित्र घेतले आहे. ती दोन चित्रे मी भावांना पाठविली. आईने दोन्ही पाहिली आणि बराच वेळ बोलली नाही, मग एवढेच म्हणाली, “बांध आधी बांधा, बाकीचे मग बघू.” मे महिन्यात भाऊ घरी येतील, तेव्हा निर्णय होईल.

वाचकहो, तुमच्याही वाड्याजवळ एखादे तळे, व्हाळ किंवा पाणथळ शेत असेलच. मुलांना घेऊन एका सकाळी तेथे जा. कॅमेरा नसला तरी चालेल, साधा फोनही पुरे. मात्र घरट्याजवळ जाऊ नका, खडा मारून थवा उडवू नका. उत्तम चित्रापेक्षा पक्ष्याचे पिलू अधिक मोलाचे आहे. आणि घरी आल्यावर ते चित्र घरातील सर्वांत वृद्ध माणसापुढे धरा. पक्ष्याचे नाव कदाचित कळणार नाही. पण आपल्या मातीची जी ओळख होईल, ती कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.