बसऱ्याला गेलेला पणजोबा

सातारा, रत्नागिरी आणि जुन्या कुलाबा जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत एका पणजोबांविषयी एकच वाक्य उरलेलं असतं: ‘बसऱ्याला गेले, ते परत आलेच नाहीत.’ साल ठाऊक नसतं, पलटण ठाऊक नसते, फोटो तर नसतोच. जुनी मोडी दप्तरं वाचून लोकांच्या घराण्यांची माहिती काढून देणं हे माझं काम. माझ्याकडे येणारे बहुतेक जण जमिनीच्या वादापायी किंवा दाखल्यासाठी येतात. पण बसऱ्याचं हे वाक्य घेऊन कुणी आलं, की मी हातातलं काम बाजूला ठेवतो.

बसरा म्हणजे पहिल्या महायुद्धातली मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची आघाडी. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या. बगदादच्या तोंडाशी हे सैन्य अडलं, मागे हटून कूत-अल-अमारा इथे आलं आणि डिसेंबर १९१५ मध्ये तुर्की फौजेच्या वेढ्यात सापडलं. दाणागोटा संपल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. त्यांत शिपाई होते, तसे भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवालेही होते. कैद्यांना वाळवंटातून पायी उत्तरेकडे नेलं, रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामाला जुंपलं. भुकेनं आणि हगवणीनं वाटेत किती पडले, ते टिपून ठेवायला शेजारी कारकून नव्हता. म्हणून कूतच्या कैद्याची मृत्यूची तारीख कागदावर सापडली, तरी तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. त्यातल्या कित्येक तारखा मागाहून ठरवून घातलेल्या आहेत.

ही माणसं दोनदा हरवली, असं माझं मत आहे. एकदा वाळवंटात आणि दुसऱ्यांदा दगडावर. ज्यांची कबर सापडली नाही, त्यांच्यासाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी सैन्यातल्या फक्त अधिकाऱ्यांची नावं आली आणि साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. अशी बिननावाची माणसं ३३ हजारांवर आहेत. अशा युद्धस्मारकांचं काम पाहणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननं २०२१ मध्ये या भेदभावाची जाहीर कबुली देऊन माफी मागितली. माफी मागायला शंभर वर्षं लागली, याचा मला आजही संताप येतो. मात्र याच कमिशनच्या नोंदवहीत त्या शिपायांची नावं आहेत आणि आता ती कुणालाही संकेतस्थळावर शोधता येतात.

लोक घाईनं तिथेच जातात, आडनाव टाकतात आणि हिरमुसून परत येतात. कारण पलटणीच्या कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं रोमनमध्ये लिहिलेलं असतं. पवारांचे पोवार, शिंद्यांचे सिंदे, भोसल्यांचे भोंसले होतात. पांडुरंगाचा पांडू होतो आणि पुष्कळदा आडनाव गळूनच जातं. उलट एकाच नावाचे पाच-सहा जण एकाच पलटणीत निघतात. नाव हा शोधाचा सगळ्यात कच्चा धागा. पक्का धागा म्हणजे बापाचं नाव आणि गाव. कमिशनच्या अनेक नोंदींत ‘अमक्याचा मुलगा, राहणार अमुक गाव, तालुका, जिल्हा’ असं असतं. तिथेही जुना नकाशा डोक्यात हवा. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा बराचसा रत्नागिरीत होता, आजच्या सांगलीचा मोठा भाग साताऱ्यात आणि रायगडाचं नाव कुलाबा. फलटण, औंध, सावंतवाडी ही तर संस्थानं होती.

बापाचं नाव मिळवायला गावाकडेच यावं लागतं. पहिल्यांदा लोक कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदा मागतात. पण गावाबाहेर मेलेला माणूस गावच्या मृत्यूनोंदीत बहुधा सापडत नाही. माझा भरवसा फेरफारावर असतो. बाप वारला की वारसांची नोंद होते आणि कारकुनाला सगळे मुलगे लिहावेच लागतात, परागंदा झालेलासुद्धा. ही जुनी दप्तरं मोडीत आहेत. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधासाठी ती मोठ्या प्रमाणावर बाहेर निघाली, स्कॅन झाली आणि त्यातली बरीच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. शोध वेगळ्या कारणासाठी झाला, पण आमच्यासारख्यांची मोठी सोय झाली.

दुसरी जागा म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. घरातलं कुणी तीर्थाला गेलं की आपलं, भावांचं, बापाचं, आज्याचं नाव तिथे उतरवून घेतलं जाई. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहून पालाशविधी, म्हणजे त्याची प्रतिमा करून अंत्यविधी, करायची आपल्याकडे रीत. तेवढ्यासाठी कुणी गोदावरीवर गेलं असेल, तर वहीत पानाचा पत्ता लागतो. आणि पूर्वज कोकणातला खलाशी असेल, तर बोटीबरोबर बुडालेल्यांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे, हेही ध्यानात ठेवावं.

महाड तालुक्यातल्या एका घरातला शोध मला विशेष जवळचा आहे. त्या घरच्या देव्हाऱ्यात वीतभरापेक्षा कमी रुंदीची, काशाची एक गोल तबकडी होती. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली उभी स्त्री आणि तिच्यापुढे सिंह. आजी रोज हळदकुंकू वाहायच्या. ‘आमच्या सासूबाईंच्या आधीपासूनची देवी आहे ही,’ त्या म्हणाल्या. मी ती हातात घेतली, कडेचं कुंकू ओल्या फडक्यानं हलकेच टिपलं आणि इंग्रजी अक्षरं दिसू लागली. युद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारनं पाठवलेली ती स्मृतितबकडी होती. त्यातली स्त्री म्हणजे ब्रिटानिया. बाजूच्या चौकटीत फक्त नाव असतं. हुद्दा नाही, पलटण नाही. नाव वाचून दाखवलं तेव्हा आजींनी तबकडी परत मागून घेतली आणि बराच वेळ पदरात धरून बसल्या.

नुसत्या नावावर काही ठरत नव्हतं. त्याच नावाचे मराठा पलटणीतले अनेक जण कमिशनच्या यादीत होते. मग फेरफारात बापाचं नाव मिळालं, नाशिकच्या वहीत तेच नाव आणि धाकट्या भावाचं नाव मिळालं. शेवटी ट्रंकेच्या तळाशी चांदीचं युद्धपदक निघालं. पदकाच्या मुख्य बाजूंवर राजा आणि घोडेस्वार असतो, आपल्याला त्याचा उपयोग नाही. सगळी माहिती त्याच्या जाडीवर, कडेनं कोरलेली असते: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. ते होतं ११० मराठा. कमिशनच्या यादीतल्या एकाच नोंदीत बाप, गाव आणि पलटण तिन्ही जुळलं आणि तोच माणूस असं मी लिहून दिलं. तीनपैकी दोनच जुळलं असतं, तर ‘असू शकेल’ एवढंच लिहिलं असतं. भावनेच्या भरात कुणाचाही शिपाई कुणाच्याही घरी नेऊन बसवणं, हा त्या दोन्ही घरांवर अन्याय आहे.

साताऱ्याच्या अपशिंगे गावाचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. आज त्या गावाला मिलिटरी अपशिंगे म्हणतात. इतर कितीतरी गावांतही चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते: या गावातून महायुद्धात इतके गेले, इतके परत आले नाहीत. तिच्यावरही नावं नाहीत, आकडाच आहे. रंगकामात ती पाटी लिंपली जाण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा. गावातले ऐंशीच्या पुढचे जे कुणी असतील, त्यांना यंदाच्या दिवाळीत विचारा, की ते आकड्यातले कोण होते. आणि घरी जुनं पदक असेल तर चिंच लावून घासू नका, सोनाराकडे तर मुळीच देऊ नका. त्याच्या कडेवरची अक्षरं आधी भिंगाखाली वाचून कागदावर उतरवून घ्या.