पल्याडचं शहर

टँकरचं पाणी पिंपात पडायला लागलं की आधी टीसीएल पावडरीचा वास येतो, मग आवाज. या एप्रिलमध्ये लोणी भापकरला अक्काच्या दारात उभी होते. तो वास आला आणि हातातला मोबाईल मी पालथा करून कट्ट्यावर ठेवला. टूरवाल्याचा मेसेज वाचत होते : ‘मॅडम, सिंगापूर फायनल करू ना? क्वालालंपूर दीड दिवसात जाता जाता होऊन जाईल.’

दोघी बहिणींचा हा पहिलाच परदेश प्रवास. माझी शाळेतली नोकरी संपली, फंडाचे पैसे हातात आले आणि अक्काला घेऊन कुठेतरी लांब जायचं हे ठरवून टाकलं. पुतणी म्हणते सिंगापूर. शेजारच्या वहिनी म्हणतात सिंगापूर. खर्चाचं बघायचं तर पारडं दुसरीकडे झुकतं. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला, सिंगापूरला तो काढावा लागतो. सिंगापूरच्या एका डॉलरला साठाच्या वर रुपये मोजायचे, मलेशियाच्या रिंगिटला त्याहून पुष्कळ कमी. पण माझं मन हिशेबात अडकलं नव्हतं, ते त्या ‘जाता जाता’वर अडकलं होतं. एका अख्ख्या शहराला कुणी असं वाटेवरचं करून टाकलं की मला राग येतो. त्या रागाचं मूळ लोणीतच आहे.

आमच्या घरात बारामती की फलटण हा वाद कायमचा. बारामती म्हणजे काम. तालुक्याची कचेरी, कोर्ट, दवाखाना, बी-बियाणं, आईच्या बांगड्या, सगळं तिथेच. फलटण जिल्ह्याबाहेरचं, साताऱ्यातलं. तिथे काम असं काही नसायचं. तिथे तात्यांची बहीण दिली होती, तेवढंच. त्यामुळे बारामतीला जायला कारण शोधावं लागत नसे आणि फलटणला जायचं म्हटलं की आई विचारायची, “काय नडलंय?” तात्या गप्प बसायचे. बहिणीकडे जायला काय नडायला लागतं, हे त्यांना तोंडाने सांगता यायचं नाही.

एकदा गेलो. 1972 चा दुष्काळ. आई-तात्या दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. शाळेत सुकडी मिळायची आणि घरात मिलोची तांबडी भाकरी. त्या मार्गशीर्षात, फलटणच्या श्रीरामाचा रथ निघतो त्या दिवसांत, तात्या एका सकाळी एकदम म्हणाले, “चल गं, आत्याकडं जाऊ.” अक्काला ताप होता, म्हणून मी एकटीच. नीरेला गाडी बदलायची. डाव्या कालव्याच्या अलीकडे सगळं रान राखेच्या रंगाचं होतं. कालवा ओलांडला आणि बस एकदम उसात शिरली. मी खिडकीला तोंड लावून बसले होते. पुढे नीरा नदीचा पूल लागला तेव्हा तात्यांनी बोट दाखवलं.

“ह्या अंगाचं पाणी बारामतीचं, पल्याडचं फलटणचं.”

“आन् आपलं?”

“आपलं आभाळातलं.”

हे उत्तर मी आजवर अनेकदा उलटून पालटून पाहिलं आहे. त्यात तक्रार नव्हती. चढाचं रान कालव्याच्या वर राहतं, पाणी उताराने जातं, एवढंच ते सांगत होते. इंग्रजांनी 1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू केला तो बारामती, इंदापूरच्या रानांसाठी, दुष्काळाला उतारा म्हणून. पुढे भाटघरला मोठं धरण झालं आणि उजवा कालवा फलटण, माळशिरसकडे गेला. एकाच नदीचे दोन हात, एक या शहराकडे, एक त्या. 2019 साली नीरा-देवघर धरणाच्या पाण्याची वाटणी बदलली तेव्हा दोन्ही काठ पुन्हा एकमेकांवर गुरगुरले. बारामती तालुक्याचा आमचा जिरायती पट्टा, म्हणजे मोरगाव, सुपे, लोणी, त्या भांडणात कुणाच्याच बाजूने नव्हता. आम्ही बातम्या वाचल्या.

फलटणला पोचलो तेव्हा आत्या दारातच होती. बोलण्याआधी तिने नळ सोडला. घमेलं भरलं आणि माझ्या पायांवर ओतलं, मग दुसरं भरलं आणि तेही ओतलं. माझ्या पिंढऱ्यांवरून खडीची पांढरी भुकटी ओघळत दगडी मोरीत गेली. मी तिचा हात धरला, म्हटलं, “आत्या, वाया जातंय.” ती म्हणाली, “जाऊ दे. तुझ्या पायावरच गेलंय ना?” रथ मी पाहिला असणार, गर्दीत तात्यांच्या खांद्यावर बसूनच पाहिला असणार. पण त्यातलं काही आठवत नाही. ते दुसरं घमेलं आठवतं.

त्या सालातलीच बारामतीची आठवण अशी : एका हॉटेलात तात्यांनी माझ्यासाठी पाणी मागितलं, तर पोऱ्या म्हणाला आधी चहा सांगा. दुष्काळात सगळीकडेच तसं होतं, हे मला कळतं. पण मनाचा कौल तेव्हा लागून गेला तो गेला. बारामतीने पुढे मला कॉलेज दिलं, नोकरीची पहिली ऑर्डर दिली, तिथल्या रस्त्यांवर मी अर्धं आयुष्य चालले. तरी कुणी विचारलं की मी फलटणची बाजू घेते.

आषाढात तर हे फारच जाणवतं. तुकोबांची पालखी बारामतीवरून काटेवाडी, इंदापूरकडे जाते. माउलींची पालखी नीरास्नान करून लोणंद, फलटणच्या वाटेने. देहू आणि आळंदी अगदी शेजारची, पंढरपूर एकच, आणि मध्ये ही दोन गावं एकेक संत वाटून घेतल्यासारखी उभी. लोणंद-फलटण रेल्वे सुरू झाली. फलटण-बारामती रुळाचं मात्र कित्येक वर्षं ऐकते आहे. सिंगापूर-क्वालालंपूरचंही असंच झालेलं वाचलं. साडेतीनशे किलोमीटरचं अंतर नव्वद मिनिटांत कापणारी रेल्वे, 2016 साली करार, आणि 31 डिसेंबर 2020 ला तो करार संपला. शेजाऱ्यांमध्ये रूळ टाकणं सगळ्यात अवघड काम असावं.

टूरवाल्याला उत्तर द्यायच्या आधी मी वाचायला बसले, ती बसलेच. 1963 मध्ये सिंगापूर मलेशियात सामील झालं आणि 9 ऑगस्ट 1965 ला बाहेर काढलं गेलं. सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू टीव्हीवर ते सांगताना रडले. एवढं लहान बेट, स्वतःचं पाणी पुरेसं नाही. पाणी यायचं ते पलीकडच्या, मलेशियातल्या जोहोरमधून, समुद्रावर बांधलेल्या किलोमीटरभर लांबीच्या रस्त्याच्या कडेने, नळांतून. 1962 चा करार अजून चालू आहे, 2061 पर्यंत. जोहोर नदीतून रोज 25 कोटी गॅलनपर्यंत पाणी उचलायचं आणि हजार गॅलनला तीन सेन द्यायचे. सेन म्हणजे रिंगिटचा शंभरावा भाग. त्यातलं थोडं शुद्ध करून जोहोरला परत विकलं जातं, हजार गॅलनला पन्नास सेनने.

हे मी अक्काला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून म्हणाली, “म्हणजे ते चकचकीत शहर पितंय कुणाचं, तर पल्याडच्याचं.”

सिंगापूरने हातावर हात धरून बसणं पत्करलं नाही, हेही तिला सांगितलं. पावसाचा थेंब न् थेंब साठवणारे तलाव, सांडपाणी पुन्हा पिण्याजोगं करणारे कारखाने, समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखाने, हे सगळं त्यांनी पाण्याच्या धास्तीपोटी उभं केलं. ती धास्ती खरी होती. 1942 च्या जानेवारीअखेर ब्रिटिशांनी माघार घेताना जोहोरकडचा तो रस्ता स्वतःच उडवला, त्याबरोबर नळही गेले. पंधरा दिवसांत, 15 फेब्रुवारीला, सिंगापूर शरण गेलं. बाँबने फुटलेल्या नळांतून वाहून जाणारं पाणी हे त्या शरणागतीचं एक मोठं कारण होतं. दुष्काळी गावातल्या माणसाला ते युद्धाचं पुस्तक न वाचताही कळतं.

आमच्या गावातही कुणीतरी कधीकाळी पाण्याचा एवढाच ध्यास घेतला होता. लोणीच्या दत्तमंदिरापुढची पुष्करणी पाहायला लांबून लोक येतात. तासलेल्या दगडांच्या पायऱ्या, भिंतीत देवकोष्ठं, काठावर कोरीव खांबांचा मंडप. आणि तो दगडी यज्ञवराह, अंगावर कोरलेली झूल घेऊन उभा. लहानपणी मी त्याच्या पाठीवरून हात फिरवायची. उन्हात तापलेल्या दगडावर नक्षीचा प्रत्येक उंचवटा बोटाला वेगळा लागायचा. वराहाने पृथ्वी पाण्यातून वर काढली म्हणतात. पाण्यासाठी आभाळाकडे बघणाऱ्या गावात नेमका हाच देव का घडवला असेल, हे कोडं मला सुटलेलं नाही. पण ज्यांनी तो घडवला त्यांच्याविषयी मला फार माया वाटते. त्यांनी कालव्याची वाट पाहिली नाही.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट हाती लागली. 1943 च्या ऑक्टोबरात सिंगापुरात झाशीची राणी रेजिमेंटची छावणी उघडली. नेताजींनी ज्यांच्यावर जबाबदारी सोपवली त्या डॉक्टर लक्ष्मी स्वामिनाथन आपल्याला माहीत आहेत. शाळेत मीच मुलींना त्यांच्यावर निबंध घातलेत. पण त्या पलटणीतल्या कितीतरी मुली मलायातल्या रबराच्या मळ्यांतल्या होत्या, तमिळ मजुरांच्या लेकी. हिंदुस्थान त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. एका मराठी राणीचं नाव लावून त्या ब्रह्मदेशाकडे गेल्या. क्वालालंपूरच्या अठरा वर्षांच्या जानकी दावरने नेताजींचं भाषण ऐकून कानातली सोन्याची कर्णफुलं काढून दिली आणि भरती झाली. पुढे ती त्या पलटणीत लक्ष्मींच्या खालोखाल अधिकारी झाली. युद्धानंतर मलायातल्या भारतीयांच्या राजकारणात काम केलं. भारत सरकारने 2000 साली तिला पद्मश्री दिली, 2014 मध्ये ती वारली. इतकी वर्षं मी मुलींना शिकवलं आणि तिचं नाव माझ्यापर्यंत पोचायला एक सहल ठरावी लागली. सिंगापूरची लक्ष्मी पाठ्यपुस्तकात, क्वालालंपूरची जानकी तळटिपेतही नाही. इथे मला पुन्हा तोच राग आला.

अक्काची अडचण मात्र वेगळीच निघाली. क्वालालंपूरजवळ बटू केव्ह्ज आहे, चुनखडीच्या डोंगरातली गुहा, बाहेर मुरुगनची सोनेरी मूर्ती, जवळजवळ 43 मीटर उंच, 2006 साली उभारलेली. वर जायला 272 पायऱ्या. फोटो दाखवला तर तिने विचारलं, “हा म्हणजे आपला कार्तिकस्वामी ना?” आपल्याकडे बायका त्याचं दर्शन घेत नाहीत ही जुनी समजूत; कार्तिक पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असेल तेव्हाच तेवढी मोकळीक. आईने आम्हा दोघींना त्या देवळाच्या उंबऱ्यापासून लांब ठेवलं होतं. मी तिला तिथल्या थैपुसम उत्सवाचा एक व्हिडिओ लावून दिला. पिवळ्या साड्यांतल्या बायका डोक्यावर दुधाची भांडी घेऊन त्या पायऱ्या चढत होत्या. म्हाताऱ्या होत्या, पोटुशी होत्या, कडेवर लेकरं असलेल्या होत्या. अक्काने तो संपेपर्यंत पाहिला, परत लावायला सांगितला.

“हा तर बायकांवर रागावलेला दिसत नाही,” ती म्हणाली. “आपल्याकडंच का मग?”

मला उत्तर देता आलं नाही. पासष्टी ओलांडलेल्या माझ्या बहिणीला एका देवाची भेट आयुष्यभर नाकारली गेली होती आणि तिने कधी तसं बोलूनही दाखवलं नव्हतं. सिंगापूर की क्वालालंपूर हा वाद माझ्यापुरता तिथे संपला.

तेवढ्यात तिनेच नवा काढला. म्हणाली, ते नळ बघायला मिळतील का? कुठले, तर जोहोरचे. रस्त्याच्या कडेने पाणी घेऊन जाणारे. मी टूरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, तिथे बघण्यासारखं काही नाही, कुणी मागत नाही, पॅकेजमध्ये बसणार नाही. मग म्हटलं, पॅकेजच नको.

आता बेत असा आहे. पुण्याहून मुंबई, मुंबईहून क्वालालंपूर. तिथे चार दिवस, त्यातला एक अख्खा दिवस कार्तिकस्वामीला, अक्काचे गुडघे जेवढे चढू देतील तेवढ्या पायऱ्या. मग बसने दक्षिणेला जोहोर बहरू, तिथे एक मुक्काम. सकाळी तो किलोमीटरभराचा रस्ता ओलांडायचा. इतर वेळी मी खिडकीची जागा सोडत नाही, पण तिथे ती अक्काला द्यायची आणि नळ कुठल्या बाजूने जातात ते आधी विचारून ठेवायचं. पलीकडे सिंगापूर. पुतणीच्या मैत्रिणीचं घर आहे, ती विमानतळावर सोडणार आहे. त्या शहराला आमच्याकडे दीड दिवस उरतो.