नाव न विचारता काढलेला फोटो

परवा नातू चार दिवस लोणावळ्याला राहायला आला होता. मुंबईत नोकरी करतो आणि रविवारी सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून रस्त्यानं हिंडतो. समुद्राचे, इमारतींचे फोटो काढत नाही, माणसांचे काढतो. दादरच्या फुलबाजारात हार ओवणाऱ्या बायका, लोकलच्या दारात उभ्या उभ्या डुलकी घेणारा माणूस, चहाचे ग्लास विसळणारा पोऱ्या. आणि तेही कुणाला पत्ता लागू न देता! याला ‘कॅन्डिड’ म्हणतात हे मला त्यानंच शिकवलं.

लॅपटॉपवर एकेक फोटो सरकत होता आणि मी शाळेतल्या हजेरीच्या सवयीनं विचारत होतो, "याचं नाव काय रे? ही बाई कुठली?"

"आजोबा, नाव विचारलं की माणूस सावध होतो. केस सारखे करतो, उगाच हसतो. मग फोटोत राम राहत नाही. आंरी कार्तिए-ब्रेसाँ तर कॅमेऱ्याची चकाकी दिसू नये म्हणून त्याला काळी पट्टी चिकटवायचा."

तेवढ्यात चर्चगेटबाहेरच्या डबेवाल्याचा फोटो आला आणि मी गप्प झालो.

नातेवाइकांना ठाऊक आहे, इतरांसाठी सांगतो. माझे वडील, आण्णा, डबेवाले होते. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केलेल्या या धंद्यात मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव, मुळशीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गेली. आमच्या नाणे मावळातूनही गेली. आण्णा परळला गावकीच्या खोलीत राहत. चैत्रात गावच्या जत्रेला आणि भाताच्या कामाला येत, तेवढेच आम्हाला दिसत. मुंबईत ते दिवसभर काय करतात, कसे दिसतात, हे आम्हा भावंडांना ऐकूनच माहीत.

घरात त्यांचा एकच फोटो होता. स्टुडिओतला. अंगात दुसऱ्याचा कोट, बाहीतून बोटं जेमतेम बाहेर आलेली आणि डोळे भेदरलेले.

मग १९७९ साली शाळेतल्या एका सहकाऱ्यानं मला एका कंपनीचं कॅलेंडर दिलं. जुलैच्या पानावर डबेवाला होता. डोक्यावर डब्यांनी भरलेली लांब लाकडी पाटी, एक हात वर, दुसरा कमरेवर, पाय रस्त्याला टेकतोय न टेकतोय. वरच्या हातामुळे निम्मा चेहरा झाकलेला. खाली इंग्रजीत नुसतं ‘बॉम्बे डबावाला’.

आईनं पान पाहिलं मात्र, म्हणाली, "हे तुझे आण्णा. भाताचा भारा डोक्यावर असला की डावा हात असाच कमरेवर असतो त्यांचा."

आण्णा जत्रेला आले तेव्हा त्यांना दाखवलं. बराच वेळ पाहून म्हणाले, "काय सांगू बाबा? माझी चाल म्या कधी बघितली?"

झालं. तो प्रश्न तिथंच राहिला. आईनं ते पान कापून ट्रंकेत जपून ठेवलं. आज दोघंही नाहीत. पान आहे, पण ते आण्णांचंच आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. फोटो काढणाऱ्यानं एक नाव विचारलं असतं तर!

अमेरिकेत डोरोथिया लँग या बाईंनी १९३६ साली एका गरीब मजूर आईचा फोटो काढला. तो जगभर गाजला, पण तिचं नाव त्यांनी विचारलंच नव्हतं. फ्लॉरेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं १९७८ साली, बेचाळीस वर्षांनी. त्या फोटोचा तिला रागच होता. पुढे १९८३ साली ती आजारी पडली, तेव्हा त्याच फोटोच्या ओळखीवर अनोळखी लोकांनी पैसे आणि पत्रं पाठवली. तेव्हा तिच्या मुलांना त्या फोटोचं मोल निराळं वाटू लागलं.

हे सगळं नातवाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही लोणावळ्याच्या बाजारात गेलो. डोंगरातून करवंदं घेऊन आलेली एक बाई पानांचे द्रोण भरता भरता शेजारणीशी बोलत खळखळून हसत होती. त्यानं टिपलं. खरंच सुंदर फोटो होता. मी म्हटलं, "आता तिला दाखव आणि नाव विचार." त्यानं दाखवला. बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "ह्यो नगं, दादा. दात नाहीत ते दिसत्यात. दुसरा काढ." मग ती पदर सारखा करून ताठ बसली. स्टुडिओतल्या आण्णांसारखी!

नातवानं मुकाट्यानं पहिला फोटो पुसून टाकला. घरी येईपर्यंत एक अक्षर बोलला नाही. मलाही चुटपुट लागली.

रात्री विचार करत पडलो. त्या कॅलेंडरवाल्यानं आधी विचारलं असतं, तर आण्णा पाटी उतरवून ताठ उभे राहिले असते. मग तो कमरेवरचा हात, तो अधांतरी पाय आम्हाला मिळाला असता का? आणि नंतर विचारायचं म्हटलं, तर भर दुपारी, डबे पोचवायच्या वेळी डबेवाला कुणासाठी थांबतो?

तरीही वाटतं, विचारायला हवं होतं. डबे पोचवून झाल्यावर, घटकाभर थांबून. चाल कॅमेऱ्यानं टिपावी, नाव माणसानं विचारावं. आणि माणूस ‘नको’ म्हणाला, तर तो फोटो आपला नव्हताच असं समजावं.

असो. निघताना नातवानं ट्रंकेतल्या त्या पानाचा फोटो काढून घेतला. "खाली काय लिहू?" म्हणाला. मी आण्णांचं पूर्ण नाव सांगितलं आणि पुढे प्रश्नचिन्ह द्यायला लावलं.